पुलावर वाजली की कुरडई तेलात

सायलेन्सरच्या आत काजळी साचते ती बाहेरून कोणालाच दिसत नाही. गाडी रोज धावते, रोज एक पातळ थर बसतो, मालकाला पत्ताही नसतो. मग एखाद्या दिवशी मी लाकडी हातोडीनं ठोकते आणि भस्सकन ओंजळभर काळं खाली पडतं! किश्श्यांचंही तसंच आहे बघा. तीस वर्षं नांदुऱ्यात रस्त्याकडेला सायलेन्सरचं दुकान चालवतेय. कोणी नुसतं म्हणालं, "मावशी, एखादा सांगा ना," की ठोकल्यासारखं होतं. एकामागं दहा पडतात.

लोक गाडी पुढून पाहतात. दिवे, काच, रंग, देवाची मूर्ती. मी तीस वर्षं मागून पाहिली. पुढून गाडी मिरवते, मागून खरं बोलते!

आधीच सांगून ठेवते, मी मेकॅनिक आहे. मेकॅनिकची बायको नाही, मेकॅनिकची आई नाही. बोर्डावर नाव माझं आहे आणि ते मीच रंगवलंय, 'गोदाबाई सायलेन्सर'. शेवटचा 'र' जरा वाकडा आलाय, पण दुकानातून पाईप कधी वाकडा गेलेला नाही.

शेजारच्या टपरीत रहीमभाई. त्यांचं गॅस वेल्डिंग. रोग मी सांगायचा आणि टाका त्यांनी घालायचा, असं आमचं पहिल्या दिवसापासून चालतं. त्यांनी मला कधी 'बाई'शिवाय हाक मारली नाही आणि माझ्या निदानावर कधी वाद घातला नाही. वेल्डिंगवर मात्र मी रोज वाद घालते!

*

सुरुवात एका करवतीपासून झाली.

माझ्या लेकीचे, शैलाचे बाबा, म्हणजे माझे मालक, नांदुरा ते जळगाव जामोद काळीपिवळी जीप चालवायचे. तेव्हाचा रस्ता असा होता, की दर महिन्याला एक सायलेन्सर खायचा! एकदा ते तुटका सायलेन्सर अंगणात टाकून जेवायला बसले. हात धुऊन बाहेर येतात तर मी तो करवतीनं उभा कापून दोन फाका करून ठेवलेला.

"काऊन कापलं वं हे?"

"आवाज आत जाऊन काय करते, ते पाह्यचं होतं."

आत बघते तर तीन खोल्या! मधे भोकाभोकांच्या नळ्या. धूर एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत फिरतो, दमतो, आणि शेवटी मुकाट्यानं बाहेर पडतो. मी कितीतरी वेळ पाहत बसले.

"धुराले तीन खोल्या," म्हटलं, "अन् आपल्याले दोन!"

ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते खांद्यावर आणखी दोन तुटके सायलेन्सर घेऊन.

लोक बायकोला साड्या आणतात!

शैला सातवीत असताना ते गेले. जीप विकली, करवत ठेवली.

*

पिंपळगाव राजाचे एक गुरुजी आले. गाडी घेऊन दोनच वर्षं झालेली, पण चढ आला की धापा टाकायची. दोन ठिकाणी दाखवून झालेलं. एकानं फिल्टर बदललं, दुसऱ्यानं सांगितलं सायलेन्सर तुंबलाय, बदलून टाका. म्हणून माझ्याकडं.

माझं एक साधं हत्यार आहे. तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, आणि तिच्या टोकाला बांधलेली जुन्या लुगड्याची चिंधी. गाडी सुरू करायची आणि चिंधी पाईपच्या तोंडाशी धरायची. चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे चार जण पाळीपाळीनं श्वास सोडतात. चारी श्वास सारखे असले, तर चिंधी एका तालात फडफडते. सायलेन्सर तुंबला असेल तर सगळेच श्वास दबके येतात. मग मी तळहात धरून खात्री करते. माझ्या उजव्या तळहाताला आता ऊनही लागत नाही, पण श्वास लागतो.

गुरुजींच्या गाडीची चिंधी फड, फड, फड करायची, आणि चौथ्या वेळी उलटी फिरून पाईपालाच चिकटायची! गाडी श्वास सोडायच्या ऐवजी आत ओढत होती.

म्हटलं, "गुरुजी, सायलेन्सर ठणठणीत हाय. रोग पुढं हाय, इंजिनात. चौथा सिलिंडर पाह्यले सांगा."

गुरुजींना पटेना. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. नऊवारी, पायात प्लास्टिकची चप्पल, हातात तुराटी. हळूच विचारलं, "मावशी, आपलं शिक्षण किती झालं?"

"चौथी पास! पण तुमची गाडी तिसरीतच बसली, तिले पुढचं येतच नाही!"

आठ दिवसांनी गुरुजी पेढे घेऊन हजर. चौथ्याचा व्हॉल्व्ह जळालेला निघाला. "बाई," म्हणाले, "तुमची विद्यार्थिनी वर चढली."

मावशीची बाई झाले होते मी. मास्तराकडून!

*

शेंगांच्या व्यापाऱ्याचा किस्सा रहीमभाई माझ्यापेक्षा चांगला सांगतात, पण लिहिणारी मी आहे.

व्यापाऱ्याचा पाय मोडला, म्हणून गाडी दोन महिने गोदामात उभी होती. पाय बरा झाल्यावर काढली, तर गाडी ओढेना, आणि मागून खुळखुळा वाजल्यासारखा आवाज. माणूस घाबरून गेलेला. "मावशी, आतलं सगळं तुटलं वाटते!"

मी चिंधी धरली. हललीच नाही! सायलेन्सर उतरवला, उभा धरला, खालून हातोडी मारली. आणि तोंडातून धबधबा शेंगा! उंदरांनी दोन महिने बसून वर्षाची बेगमी केलेली. तिथून आमच्या दुकानापर्यंत येता येता सगळ्या मस्त भाजून निघालेल्या. वास तर असा सुटला, की समोरच्या चहावाल्यानं मान वर करून पाहिलं.

व्यापारी कपाळाला हात लावून उभा. रहीमभाईंनी एक शेंग उचलली, फोडली, दाणा बोटावर घेऊन उजेडात फिरवून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "शेठ, भाजल्या बराबर. मिठाचं तेवढं पाहा."

*

गाड्या मला घाबरतात, असं रहीमभाईंचं म्हणणं आहे. ते या पुढच्या गाडीवरून.

जळगाव जामोदचे एक मेडिकलवाले. त्यांच्या गाडीतून टक टक टक आवाज यायचा. पंचवीस-तीस किलोमीटर चालवत माझ्याकडं आणायचे, आणि माझ्या दारात आली की गाडी गप्प! एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा ते अगदी रडकुंडीला आले. "मावशी, आईची शपथ, घरून निघताना वाजत होती!"

रहीमभाई म्हणाले, "बाईची दहशत हाय. इंजन बी मुकाट होते."

मी रात्रभर विचार केला आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं जळगाव गाठलं. मेडिकलवाल्यांना निरोप दिला होता, मी येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. ओट्यावर त्यांची म्हातारी आई बसलेली. शेजारीपाजारी जमलेले, बाई मेकॅनिक बघायला! मी बॉनेट उघडलं. रबरी नळीचं एक टोक कानात घातलं, दुसरं हातात धरलं. म्हटलं, "मारा चावी."

टक टक टक टक!

नळी फिरवत नेली आणि इंजिनातून धूर जिथून निघतो त्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तोटीपाशी आवाज कानात फुटला. तिथं केसाएवढी चीर, कडेला काजळीची रेघ. गार असली की चीर उघडी आणि धूर टकटकत बाहेर. बीड तापलं की फुगतं, चीर मिटते, आवाज बंद. जळगावहून नांदुऱ्याला येईपर्यंत ती मिटायचीच! पाच-सात मिनिटांत गाडी आमच्या डोळ्यांदेखत गप्प झाली.

मी सगळ्यांना हे समजावून सांगत होते. कोणाला काही कळेना. तेवढ्यात ओट्यावरून म्हातारी म्हणाली,

"त्यात समजण्यासारखं काय हाय बाप्पा? माह्या गुडघ्यासारखं हाय! सकाळी उठलं की कुरकुरते, चार पावलं चाललं की बंद!"

तेव्हापासून तो रोग आमच्या दुकानात 'म्हातारीचा गुडघा' या नावानंच ओळखला जातो.

*

हा छोटा आहे. एक जोडपं आलं. नवरा खिडकीतूनच म्हणाला, "ही मागं बसली की खालून खडखड येते. मी एकटा असलो की येत नाही." बायको खिडकीबाहेर बघत बसलेली. गाल फुगलेले.

"कधीपासून?"

तिनंच उत्तर दिलं. "तीन महिने झाले! माहेरी जायले मले एसटीत बसवून देते अन् स्वतः मागून गाडीत येते!"

मी तिला उतरवलं, त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि खालून पाहिलं. पाईप ज्या रबरावर लोंबकळतो ते रबर तुटलेलं. मागं वजन पडलं की पाईप वर सरकून बॉडीला लागायचा. शैलाला शिकवावं तसं मी तिलाही वाकून दाखवलं आणि गाडी जरा हलवली. खडखड, खडखड!

"ऐकलं? याच्यानंही वाजते."

ती पुढं जाऊन स्टेअरिंगवर बसली. तो मागंच राहिला. घरापर्यंत म्हणे तसेच गेले.

*

आता शैलाच्या गाडीचं सांगायला हवं. यात माझी बदनामी आहे, तरी सांगते.

शैला माझी एकुलती एक. नाशिकला बँकेत आहे, सासरही तिकडंच. तिनं जुनी पेट्रोल गाडी घेतली, तेव्हा तिचा सायलेन्सर मी स्वतः घडवला. सायलेन्सरची धग वर लागू नये म्हणून त्याच्यावर पातळ पत्र्याची झाकणी असते. तीही मीच ठोकून काढली. रहीमभाईंनी दोन टाके मारले. त्यातला एक फुगला, भाकरीला फोड येतो तसा. मी भांडले. ते म्हणाले, "राहू द्या बाई, निशाणी."

पहिल्या खेपेला शैला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आली. आमच्याकडं आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी. न आली तर सारी गल्ली विचारते. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "माय, खालून छन् छन् वाजून राह्यलं. पाह्य बरं."

मी पोतं अंथरून गाडीखाली सरकले. झाकणीचा एक बोल्ट सैल होता. एक आटा. पान्हा हातात होता, मनगट फिरवायचाच अवकाश.

आणि मग मला आठवलं, की मघाशी मी दुकानामागच्या घरात चुलीपाशी होते, तेव्हा हाच आवाज मी पुलावरून ऐकला होता. रेल्वेचा पूल आमच्या दुकानापासून हाकेवर आहे. उताराला तिनं रेसवरून पाय काढला असेल, तशी गाडी छन् छन् करत खाली आली, आणि मी तो आधी कधी ऐकला नसतानाही मनात म्हटलं होतं, शैला आली.

मी पान्हा तसाच घेऊन बाहेर आले.

"काय निघालं?"

"सापडत नाही. राहू दे."

तो आवाज नऊ वर्षं सापडला नाही! सारा बाजार हसला. "सायलेन्सरवालीच्या पोरीची गाडी वाजते!" दिव्याखालचा अंधार म्हणाले, म्हातारपण म्हणाले, एकानं तर गाडी खामगावला दाखवा म्हणून सल्ला दिला. मला! आयुष्यात कोणाचं एक वाकडं ऐकून घेतलं नाही, ते नऊ वर्षं ऐकून घेतलं. रहीमभाई वेल्डिंगचा चष्मा पुसत बसायचे.

दर आखाजीला कढई तयार ठेवायची. पुलावर वाजली की कुरडई तेलात. गाडी दारात, कुरडई ताटात. शैला म्हणायची, "माय, तुले कसं कळते वं?"

"मेकॅनिक हाय मी."

*

एकदा फसले. त्याच दिवसांतली गोष्ट. शैला यायची होती दुपारी, आणि सकाळी दहालाच पुलावरून छन् छन्! मी धावत आत गेले, चार कुरडया सोडल्या, ताट घेऊन बाहेर आले, तर दारात दुसरीच गाडी. विम्याचा एजंट. हातात फायली, गळ्यात टाय, भर उन्हाळ्यात!

"नमस्कार मावशी, दोन मिनिटं वेळ..."

"बसा," म्हटलं. "खा."

"अहो पण मी..."

"तळल्या हायत. थंड झाल्या तर माह्या हाताचा अपमान. खा!"

बिचाऱ्यानं चारही खाल्ल्या. तोवर मी त्याच्या गाडीखाली शिरले, तुटलेलं रबर शोधलं, नवं बसवलं. त्यानं पॉलिसीची वहीच उघडली नाही. त्याला मला विमा विकायचा होता, आणि मी त्याला रबर विकलं!

*

तीन वर्षांपूर्वी शैलानं ती गाडी विकली आणि बॅटरीवर चालणारी घेतली. फोनवर सांगितलं, "माय, हिले सायलेन्सरच नाही!" मी म्हटलं, "मग माय कशाले लागते?" ती हसली. मीही हसले. गंमतच होती ती.

त्या वर्षी ती कळवून आली नाही. मला चकित करायचं होतं तिला.

मी दुकानात रस्त्याकडं पाठ करून बसले होते, मांडीवर पाईप, हातात कानस. त्या सकाळी शेजारणीनं टोचून विचारलं होतं, "यंदा शैली नाही येत का?" तो राग डोक्यात. समोर रहीमभाई. मी बोलत सुटले.

"पोरीचं काय धरून बसता रहीमभाई! तिचं घर आता तिकडं. येते ते पाहुणीसारखी, अर्धं लक्ष घड्याळात. माय मेली की मात्र येईल पळत, दुकानाची जागा विकायले!"

रहीमभाई माझ्या खांद्यावरून पाठीमागं पाहत होते.

मी वळले. शैला उभी होती. हातात आंब्यांची पिशवी. मागं पांढरी गाडी, दहा पावलांवर. पुलावरून उतरली, रस्ता ओलांडून आली, माझ्या पाठीशी थांबली. तीस वर्षं कानावर जगलेल्या बाईला टाचणीएवढाही आवाज आला नाही.

शैलानं पिशवी बाकड्यावर ठेवली. माठातलं पाणी घेतलं, पेला उपडा ठेवला. "निघते माय. जळगावात एक काम हाय, उशीर होईल."

जळगावात तिचं काहीही काम नव्हतं.

मी तोंड उघडेपर्यंत ती बसलीसुद्धा. आणि गाडी गेली. ती गेल्याचाही आवाज आला नाही. मी पुलाकडं कान लावून उभी राहिले. वळली का, थांबली का, चढली का, काहीच कळलं नाही.

*

त्यानंतर दोन आखाज्या आल्या आणि गेल्या. शैला आली नाही. रविवारी फोन यायचा. "जेवली का माय?" "जेवले. तू?" "जेवले." मग दोघींकडं नुसती घरघर. आंब्यांचा विषय मी काढला नाही, ती कशाला काढेल!

मी कोणाची माफी मागितलेली नाही. मागायची कशी तेच येत नाही. पाईपला चीर पडली तर घासायची कुठून, तापवायची किती, हे मी झोपेत सांगेन. इथं फोन हातात घ्यायचा, तिचं नाव दिसलं की परत ठेवायचा.

पुलावरून दिवसभर गाड्या उतरतात. दुधाचा टेम्पो, ज्याचा पाईप मधेच फुटलाय. कापसाचे ट्रक. शाळेची व्हॅन, तिचं मागचं रबर आता जाईल. एक एक मी न बघता सांगते. एवढ्या आवाजांत एक कमी आहे, हे मात्र माझ्याशिवाय कोणाला ऐकू येत नव्हतं. कधी कधी दुपारी हातातलं काम थांबवून मी उगाच उताराकडं कान लावायची. रहीमभाई बघायचे आणि ज्योत बारीक करायचे, तिचा सूंसूं मधे यायला नको म्हणून.

एकदा ते म्हणाले, "बाई, एक बोलू? म्हातारीचा गुडघा हाय तुमच्या दोघींचा. थंड हाय म्हणून वाजून राह्यलं. एकदा गरम होऊन भांडून घ्या, मिटून जाईल!"

"वेल्डिंग करा गुमान!" म्हटलं. "निदान माहं काम हाय."

ते गुमान वेल्डिंग करू लागले. त्या दिवशी त्यांनी तीन टाके फुगवले. मी एकालाही बोलले नाही.

*

यंदाची आखाजी. कुरडयांचा डबा मी माळ्यावरून काढलाच नव्हता. दोन वर्षं काढला, दोन वर्षं तसाच परत ठेवला, मग यंदा कशाला! सण असूनही दुकान उघडलं. एका जीपचा पाईप घासत बसले होते, या वेळी रस्त्याकडं तोंड करून. तेवढं मी शिकले आहे.

अकरा वाजले असतील. पुलावरून काहीतरी आलं.

छन्.

मी कानस थांबवली. अगदी बारीक. मग पुलाच्या सांध्यावर पुन्हा, छन्... छन्. वाटलं, कान म्हातारे झाले, जुनंच काही वाजवतायत. मी रहीमभाईंकडं पाहिलं. त्यांनी ज्योत पूर्ण बंद केली होती.

उतारावरून पांढरी गाडी आली आणि दारात थांबली.

शैला उतरली. केसांत थोडं पांढरं दिसलं, ते आधी नव्हतं. हातात आंब्यांची पिशवी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. उन्हात डोळे बारीक करून म्हणाली,

"माय, खालून आवाज येऊन राह्यला. पाह्य बरं."

"हिले सायलेन्सर कुठी हाय?"

"मले काय माहीत? मेकॅनिक तू."

मी रहीमभाईंकडं पाहिलं, तर ते चष्मा पुसत होते. मी पोतं अंथरलं, पान्हा घेतला आणि गाडीखाली सरकले. गुडघे कुरकुरले. या गाडीचं पोट तव्यासारखं सपाट. ना पाईप, ना रबर, ना धूर. मी पाठीवर सरकत सरकत मागच्या बाजूला गेले.

तिथं बाइंडिंग तारेनं बांधलेली एक पत्र्याची झाकणी लोंबत होती. गंजलेली. कडेला माझ्या हातोडीचे घाव. दोन टाके, आणि त्यातला एक फुगलेला, भाकरीला फोड येतो तसा.

मी त्या टाक्यावर बोट ठेवलं. जुनी गाडी विकताना पोरीनं ही काढून ठेवली होती! गाडीपलीकडं शैलाचे पाय दिसत होते. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"सापडलं का माय?"

मी झाकणीचा बोल्ट हातानं चाचपला. कोणीतरी नवख्या हातानं तो फारच आवळला होता. म्हणून तर पुलावर इतकं बारीक वाजलं!

मी पान्हा लावला, बोल्ट एक आटा सैल केला आणि बाहेर आले. पदरानं तोंड पुसलं. तेल लागलं होतं, दुसरं काही नाही.

"काय निघालं?"

"सापडत नाही," म्हटलं. "राहू दे."